तीन परंपरा, एक आठवडा: चियांग माईजवळच्या मिश्र ध्यानशिबिराचे परीक्षण

उत्तर थायलंडमधील चियांग माई शहराच्या आसपास, डोंगरउतारावरच्या लोंगानच्या बागांमध्ये, निवासी ध्यानशिबिरांचा एक खास प्रकार चांगलाच रुजला आहे. पहाटे चिनी ताओ परंपरेतील चीगोंग (शरीरस्थिती, श्वास आणि चित्त यांची साधना), सकाळी आसने व प्राणायाम आणि संध्याकाळी थेरवादी बौद्ध पद्धतीचे आनापान (श्वासाचे निरीक्षण), असा तीन परंपरांचा दिवस तिथे आखलेला असतो. अशा एका आठवडाभराच्या शिबिराचा अनुभव मी येथे मांडत आहे. केंद्राचे नाव मुद्दाम देत नाही, कारण माझ्या बहुतेक तक्रारी या साऱ्या शिबिरांच्या साच्याविषयी आहेत आणि त्यांचे खापर एकाच दारावर फोडणे योग्य होणार नाही.

माझे मत आधीच सांगते. तिन्ही गोष्टी स्वतंत्रपणे शिकवल्या जात होत्या तोवर शिबिर उत्तम होते, काही बाबतींत तर माझ्या अपेक्षेहून सरस होते. बिघाड झाला तो दुपारच्या तासात, कारण तिथे तिन्ही पद्धती एकाच बैठकीत कालवल्या जात होत्या, आणि जाहिरातीत नेमका हाच तास शिबिराचे वैशिष्ट्य म्हणून झळकत होता.

दिवस पहाटे साडेपाचला सुरू होतो आणि पहिली साधना उभ्याने करायची असते. तिला 'जान-ज्वांग' म्हणतात. पाय खांद्यांइतक्या अंतरावर, गुडघे किंचित सैल, माकडहाड खाली सोडलेले, हात छातीपुढे गोलाकार धरलेले, अशा स्थितीत काहीही न करता उभे राहायचे. विसाव्या शतकात वांग श्यांगझाय या चिनी युद्धकला-शिक्षकाने याच उभ्या साधनेवर आपली संपूर्ण पद्धत उभारली होती. वर्णन ऐकून यात शिकण्यासारखे काय आहे असे वाटते, पण पाचेक मिनिटांत मांड्या थरथरू लागतात, आणि आणखी थोड्या वेळाने आपले खांदे आपल्याला न विचारताच वर चढून बसले आहेत हे ध्यानात येते. आमच्या शिक्षिका साठी उलटलेल्या थाय-चिनी बाई होत्या. त्यांचे इंग्रजी मोजकेच होते आणि त्यामुळे शिकवण्याचे काहीही अडले नाही. त्या प्रत्येकाच्या मागे येऊन गुडघ्यामागच्या खळगीत दोन बोटे टेकवत. तिथली शीर ताठ लागली की 'सॉफ्ट' एवढेच म्हणत आणि शीर सैल होईपर्यंत बोटे काढत नसत. गुडघा सैल झाला की कंबरेचा बाक आपोआप कमी होतो आणि श्वास पोटापर्यंत उतरतो, हे त्यांनी एकदाही तोंडाने सांगितले नाही आणि तरीही तो तास संपेपर्यंत ते सर्वांना कळलेले होते.

त्यानंतर 'बादुआनजिन' असे. आठ क्रियांचा हा संच सोंग राजवटीपासून ज्ञात आहे आणि चीनच्या सरकारी क्रीडा खात्याने 2003 मध्ये त्याचे एक प्रमाणित रूप ठरवून दिले, त्यामुळे जगभर बहुतेक ठिकाणी तेच शिकवले जाते. आठवड्याच्या शिबिरात आठही क्रिया उरकून टाकण्याचा मोह शिक्षकाला होऊ शकतो. या बाईंनी त्यांतल्या निम्म्याच घेतल्या आणि त्या घोटून घेतल्या. दोन्ही हात वर ढकलून आकाश पेलण्याची पहिली क्रिया आम्ही रोज केली, आणि तळवे वर जाताना टाचांवरचा भार हलता कामा नये हा एकच मुद्दा त्या रोज पाहत राहिल्या. मांडी घालून तासभर बसणे ज्यांना जमत नाही अशा, गुडघ्यांनी त्रस्त झालेल्या पन्नाशीपुढच्या वाचकांना मी या शिबिरातले काही एक सुचवायचे ठरवले, तर हा पहाटेचा तास सुचवीन.

योगाचा तास मात्र मधल्या फळीचा ठरला. शिकवणारा तरुण युरोपीय होता. उत्साही, नम्र आणि वेळेचा पक्का. मात्र आसनात स्थिरावण्यापेक्षा एकातून दुसऱ्यात वाहत जाण्यावर त्याचा सगळा भर होता. लोणावळ्याला स्वामी कुवलयानंदांनी 1924 मध्ये कैवल्यधाम स्थापन करून योगक्रियांचा प्रयोगशाळेत अभ्यास सुरू केला, आणि त्या वळणाचे योगशिक्षण महाराष्ट्रात अनेकांच्या परिचयाचे आहे. त्यात आसन सावकाश घ्यायचे, स्थिरपणे धरायचे, सावकाश सोडायचे आणि मध्ये विश्रांती घ्यायची, असा क्रम असतो. ती सवय असलेल्या माणसाला इथली सूर्यनमस्कारांची न थांबणारी लड ध्यानाची पूर्वतयारी वाटत नाही, व्यायाम वाटतो. नाडीशोधन त्याने चांगले शिकवले: कुंभक न करता, म्हणजे श्वास न रोखता, पूरकाच्या (श्वास घेण्याच्या) दुप्पट रेचक (श्वास सोडणे), आणि कोणाला दम लागत आहे का याकडे बारीक लक्ष. परंतु न्याहारीनंतर जेमतेम तासाभराने कपालभाती घेण्याचे समर्थन कोणत्याही शास्त्राने होणार नाही. आपल्याकडे सोसायटीच्या गच्चीवर योगवर्ग घेणाऱ्या काकूही पोट रिकामे आहे ना, हे आधी विचारतात. मी ही गोष्ट कार्यालयात सांगितली, तेव्हा वेळापत्रक वर्षभराचे ठरलेले असते असे हसतमुखाने उत्तर मिळाले. पुढे त्या वेळी मी नुसती बसून राहू लागले आणि त्याबद्दल मला कोणी टोकले नाही, हेही नमूद करते.

संध्याकाळची दोन सत्रे अनेक वर्षे भिक्षूच्या चीवरात राहून पुन्हा संसारात परतलेल्या एका थाय गृहस्थांकडे होती. श्वास नाकपुड्यांपाशी जाणायचा. लांब असेल तर लांब आहे हे जाणायचे, आखूड असेल तर आखूड आहे हे जाणायचे. तो लांब करायचा नाही, आखूड करायचा नाही, खोल करायचा नाही. त्यांची सूचना एवढीच होती आणि प्रत्येक बैठकीच्या आरंभी ते ती जवळजवळ त्याच शब्दांत सांगत. दोन बैठकांच्या मध्ये चंक्रमण, म्हणजे चालत करायचे ध्यान, असे. शाळेच्या जुन्या फरशीसारख्या गुळगुळीत लाकडी ओसरीवर वीसेक पावले जायचे, थांबायचे, वळायचे आणि परत यायचे. प्रवचन पंधरा-वीस मिनिटांत संपे. पाय बधिर होतात, झोप येते, मन मुलांच्या परीक्षेकडे धावते, अशा साध्या तक्रारींना ते तितकीच साधी उत्तरे देत आणि अनुभव सांगायला निघालेल्या मंडळींना फारसे उत्तेजन देत नसत. कोणाला प्रकाश दिसला, कोणाला शरीर हलके वाटले; त्यावर त्यांचा प्रतिप्रश्न असे, 'आणि तेव्हा श्वास कुठे होता?'

आता दुपारच्या तासाकडे येते. पत्रकात त्याला 'त्रिवेणी ऊर्जाध्यान' अशा थाटाचे नाव होते. दिवे मंद केलेले, ध्वनिक्षेपकावर घंटांचे संगीत, आणि केंद्राचे संचालक स्वतः सूचना देत असत. श्वास घेताना ऊर्जा पाठीच्या कण्यातून मस्तकापर्यंत चढवायची, श्वास सोडताना ती जिभेच्या टोकावरून छातीवाटे नाभीखाली उतरवायची. हे ताओ परंपरेतील लघुपरिभ्रमण झाले. त्याच वेळी प्रत्येक चक्रावर त्याचा बीजमंत्र म्हणायचा आणि मूलबंध लावायचा, म्हणजे ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळून धरायचे. हे तंत्र-योगातले झाले. आणि ऊर्जा मस्तकाशी पोचली की लगेच सूचना येई, आता काहीही करू नका, जे आहे ते फक्त पाहा. म्हणजे श्वासाला एका दमात वळवायचेही, रोखायचेही आणि मोकळेही सोडायचे. यांतली प्रत्येक सूचना तिच्या घरी अर्थपूर्ण आहे. आनापानात श्वासाला हात लावायचा नसतो, कारण ढवळलेल्या श्वासाचे निरीक्षण म्हणजे आपल्याच कृतीचे निरीक्षण. प्राणायामात तो हेतुपूर्वक नियमित करायचा असतो. चीगोंगमध्ये श्वास मृदू ठेवून चित्त एका ठिकाणी न्यायचे असते आणि श्वास मागोमाग येईल असा विश्वास ठेवायचा असतो. या तीन निरनिराळ्या कारागिऱ्या आहेत. एकाच अर्ध्या तासात त्या तिन्ही करायला सांगितल्या की साधक त्यांतली एकही करत नाही. डोळे मिटून सूचनांमागे धावत राहतो.

गोंधळ अधिक वाढवतात ती संचालकांची व्याख्याने. 'तिन्ही परंपरा एकच गोष्ट सांगतात' हे त्यांचे पालुपद होते, आणि पुराव्यादाखल ते फळ्यावर एक मानवाकृती काढून तिच्या पोटावर एक वर्तुळ रेखत. हेच मणिपूर, हेच दान-त्येन, हेच ध्यानाचे केंद्र. वास्तविक मणिपूर चक्र नाभीच्या पातळीवर, सुषुम्नेच्या (कण्यातून वर जाणाऱ्या मध्यनाडीच्या) मार्गावर मानलेले आहे आणि तिथून वर जाणे हा त्याचा रोख आहे. ताओ साधनेतील खालचे दान-त्येन नाभीच्या काही बोटे खाली, शरीराच्या आत आहे आणि ते साठवणीचे ठिकाण आहे. ऊर्जा वर जाते तीही फेरी पूर्ण करून तिथे परतण्यासाठी. थायलंडमध्येच प्रचलित असलेली धम्मकाय पद्धत शरीराचे केंद्र नाभीच्या दोन बोटे वर मानते. आणि संध्याकाळी आम्हाला बसवणाऱ्या गृहस्थांच्या आनापानात पोटावरच्या कोणत्याच बिंदूला असे स्थान नव्हते. एकाच पोटावर एवढी मतभिन्नता असताना सगळे एकच म्हणणे सोपे पडते, पण साधकाला चित्त नेमके कुठे ठेवायचे हे त्यातून कळत नाही.

याचा अर्थ मिश्रण मुळातच वर्ज्य आहे असा नाही. इतिहास तसे सांगत नाही. बाराव्या शतकात उत्तर चीनमध्ये वांग चोंगयांग याने (1113–1170) ताओ परंपरेतील छ्वानझन पंथ स्थापन केला. तो आपल्या शिष्यांना ताओ ग्रंथाबरोबर बौद्धांचे प्रज्ञापारमिता-हृदयसूत्र आणि कन्फ्यूशियन परंपरेतील पितृभक्तीचा ग्रंथही वाचायला लावत असे, आणि मठवासी ब्रह्मचर्याची शिस्त त्या पंथाने बौद्धांच्याच धर्तीवर घेतली. हठयोगाचा ज्ञात असा सर्वांत जुना ग्रंथ 'अमृतसिद्धि' हा वज्रयानी (तांत्रिक) बौद्ध वर्तुळात रचला गेला असे अलीकडचे संशोधन सांगते, आणि त्यातील बंध-मुद्रांचा विचार पुढे नाथपंथीयांच्या हठग्रंथांत उतरला. त्याच नाथपरंपरेत गहिनीनाथ, निवृत्तिनाथ, ज्ञानेश्वर ही साखळी येते आणि सहाव्या अध्यायातील कुंडलिनीचे वर्णन मराठीत अवतरते. तेव्हा परंपरांच्या या देवाणघेवाणीचे मराठी वाचकाला वावडे असण्याचे कारण नाही.

सगळ्यांत बोलके उदाहरण मला जपानच्या हाकुइन या झेन गुरूंचे वाटते. अठराव्या शतकाच्या आरंभी, तारुण्यातील अतिरेकी साधनेने ते आजारी पडले: डोके तापलेले, पाय बर्फासारखे गार, कानांत सतत आवाज. त्यांच्याच आठवणीनुसार क्योतोजवळच्या डोंगरात राहणाऱ्या हाकुयू नावाच्या एका एकांतवाशाने त्यांना ताओ पद्धतीची एक युक्ती दिली. मस्तकावर लोण्यासारखा मऊ, सुगंधी गोळा ठेवला आहे आणि तो वितळत खांद्यांवरून, छातीवरून, पोटावरून तळपायांपर्यंत उतरत आहे अशी भावना करायची. त्याने ते बरे झाले आणि पुढे आयुष्यभर शिष्यांना ती युक्ती सांगत राहिले. इथे ताओ साधनेला तिचे ठरलेले काम आहे, ती कधी वापरायची हे ठरलेले आहे, आणि हाकुइन यांची मूळ झेन साधना जागची हललेली नाही. शिबिराच्या दुपारच्या तासात नेमका हाच विवेक नव्हता.

हा मुद्दा केवळ तात्त्विक राहत नाही. ऊर्जा मस्तकाकडे चढवण्याच्या साधना बेतशीर आणि देखरेखीखालीच कराव्यात असे चिनी शिक्षक पूर्वापार सांगत आले आहेत. चुकीच्या साधनेने माणूस बिघडतो यासाठी त्यांच्याकडे एक रूढ संज्ञाच आहे, आणि अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेच्या 1994 मधील आवृत्तीत चीगोंगनंतर उद्भवणाऱ्या मनोविकारी प्रतिक्रियेची स्वतंत्र नोंद होती. आमच्या शिबिरात गंभीर असे काही घडले नाही. मला दुपारच्या तासानंतर कपाळात जड दाब जाणवू लागला आणि रात्री झोप उडाली. आणखी काही जणांनीही तशीच तक्रार केली. संचालकांनी ते प्रगतीचे लक्षण ठरवले. पहाटेच्या बाईंना खुणांनी डोके दाखवले, तेव्हा त्यांनी मला पुन्हा उभे केले, माझ्या तळपायाच्या पुढच्या भागातल्या खळग्यावर बोटाने जोरात दाबले आणि लक्ष तिथेच ठेवायला सांगितले. दुपारची बैठक मी सोडल्यावर दाब गेला. जमेची बाजू म्हणजे प्रवेशअर्जात पूर्वीचे मानसिक आजार आणि चालू औषधे यांची विचारणा होती. पण त्या उत्तरांवर पुढे कोणी बोलले असे दिसले नाही.

राहण्याची सोय साधी आणि स्वच्छ आहे. एका खोलीत दोघे, पातळ गादी, मच्छरदाणी, पंखा. गरम पाणी येते. भ्रमणध्वनी पहिल्या दिवशी जमा करतात. मौन अर्धवट पाळले जाते: न्याहारीनंतर बोलायला परवानगी आणि संध्याकाळच्या बैठकीपासून मौन. हा मधला मार्ग मला पटला नाही, कारण बोलण्याच्या वेळेत सगळे संध्याकाळचेच बोलत बसत. जेवण शाकाहारी असल्याचे पत्रकात लिहिलेले असते, तरी थायलंडमध्ये एक प्रश्न विचारावाच लागतो, आणि तो म्हणजे 'नाम प्ला' या माशांच्या अर्काचा. इथल्या आचारीणबाईंनी मला थेट चुलीपाशी नेऊन दोन बाटल्या शेजारी शेजारी दाखवल्या, एक माशांच्या अर्काची आणि एक सोयाबीनच्या 'सी-इव'ची. पहिली फक्त नोकरवर्गाच्या जेवणासाठी होती आणि तिचे झाकण लाल दोऱ्याने बांधलेले होते. ज्यांना कांदा-लसूणही चालत नाही त्यांनी 'जे' अन्न मागावे. थाय-चिनी लोकांच्या व्रताचा हा आहार मांस, मासे, अंडी, दूध आणि कांदा-लसूण या सगळ्यांवाचून असतो. सकाळची तांदळाची आले घातलेली पेज इतकी चांगली होती की एरवी पेज ही आजारपणाची वस्तू मानणारी मंडळीही दुसरा वाडगा मागत. दुपारनंतर न जेवण्याचा बौद्ध भिक्षूंचा नियम ऐच्छिक ठेवलेला आहे.

शुल्काचा विचार केला, तर ते मुंबई ते चियांग माई या परतीच्या विमानभाड्याहून अधिक होते, आणि मराठी माणसाने त्याची तुलना इगतपुरीशी करणे अपरिहार्य आहे. सत्यनारायण गोयंका यांच्या परंपरेतील धम्मगिरी केंद्रात 1976 पासून दहा दिवसांची विपश्यना शिबिरे होत आहेत, त्यांना शुल्क नाही आणि खर्च आधीच्या साधकांच्या दानावर चालतो. तिथला दिवस पहाटे चारला सुरू होतो, शिस्त कितीतरी कडक आहे, आणि शिबिराच्या काळात जप, पूजा, आसने, अन्य ध्यान सारे बाजूला ठेवावे लागते. हा शेवटचा नियम अनेकांना हट्टी वाटतो; चियांग माईच्या दुपारच्या तासानंतर मला तो व्यवहारी वाटू लागला. याउलट थायलंडच्याच दक्षिणेकडील सुआन मोक्ख या बौद्ध मठाच्या परदेशी साधकांसाठीच्या शिबिरांत शिकवण आनापानसतीचीच असते आणि योगासनांना पहाटे थोडा वेळ दिलेला असतो, शरीर बैठकीसाठी मोकळे व्हावे एवढ्यापुरता. मिश्रण करायचेच असेल तर मला ही पद्धत अधिक शहाणपणाची वाटते: एक साधना मुख्य, बाकीच्या तिच्या सेवेला.

एवढे असूनही मी हे शिबिर टाळा असे म्हणणार नाही. ज्यांनी एखादी साधना काही वर्षे केली आहे आणि उभ्याने करायची चिनी पद्धत जाणत्या माणसाकडून शिकायची आहे, त्यांना पहाटेच्या तासासाठी हे शुल्क वसूल होईल. अगदी नवख्यांनी मात्र इथून सुरुवात करू नये. तीन दारे एकदम उघडली की कोणत्या खोलीत शिरलो हेच त्यांना उमगणार नाही. अशा कोणत्याही केंद्रात पैसे भरण्यापूर्वी दोन गोष्टी पत्राने विचारून घ्याव्यात. एक, मिश्र बैठकीला न बसता त्या वेळात चंक्रमण करण्याची मुभा आहे का. दोन, बैठकीत त्रास झाला तर तो कोणाला सांगायचा, आणि ती व्यक्ती स्वतः कोणती साधना किती वर्षे करत आहे. दुसऱ्या प्रश्नाला नाव घेऊन उत्तर आले नाही, तर दुसरे केंद्र पाहावे. जाण्याचा काळ नोव्हेंबर ते जानेवारी हा असावा; पहाटे अंगावर शाल लागते, पण हवा निर्मळ असते. फेब्रुवारीच्या मध्यापासून एप्रिलपर्यंत त्या भागात शेते आणि रान जाळल्याचा धूर साचतो, डोंगर दिसेनासे होतात, आणि श्वासावर बेतलेल्या शिबिरासाठी त्या दिवसांत तिकडे जाऊच नये.